‘पुण्णिका’ हे नाव आपण मुलींना का ठेवत नाही?

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका वस्तीत आम्ही नामकरण विधीला गेलो होतो. विहारात त्रिसरण-पंचशील झाले आणि बौद्धाचार्यांनी बाळाचे नाव विचारले. बाळाची आई नर्स आहे, वाचणारी आहे. तिने सांगितले, "पुण्णिका." बसलेल्यांत कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, "पुण्यवान, असा अर्थ असेल." दुसरा म्हणाला, "पूर्णिका म्हणायचं असेल, ताईंचं चुकलं." तेवढ्यात बाळाच्या पणजीने विचारले, "ही कोण बाई होती?"

"अनाथपिंडिकाच्या घरची दासी होती, आजी. पुढं थेरी झाली."

"दासी? अगं, जलमभर आम्ही लोकाच्या दारात राबलो. आता लेकराला बी दासीचंच नाव ठिवता व्हय?"

विहार शांत झाला. चार पुस्तके वाचलेल्या आम्हालाही त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. आजींचे स्वतःचे नाव दगडावरून ठेवलेले आहे. नावाचा मार काय असतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

नावाचा अर्थ

आधी अर्थाचा घोळ मिटवू. ‘पुण्णिका’ आणि ‘पुण्य’ यांचा संबंध नाही. पुण्याला पालीत ‘पुञ्ञ’ म्हणतात. ‘पुण्ण’ हा वेगळा शब्द आहे. तो संस्कृतातला ‘पूर्ण’, म्हणजे भरलेला. पौर्णिमेला पालीत ‘पुण्णमा’ म्हणतात आणि आपल्या आयाबाया जिला ‘पुनव’ म्हणतात तीही याच घराण्यातली. ‘पुण्णा’ म्हणजे भरलेली, परिपूर्ण. त्याला ‘इका’ लागून जवळिकीचे रूप झाले, ‘पुण्णिका’. ग्रंथांमध्ये एकाच बाईसाठी ही दोन्ही रूपे येतात.

अर्थ इतका सुंदर असताना नाव दुर्मीळ का? पौर्णिमा आणि पूर्णिमा नावाच्या मुली गल्लोगल्ली सापडतात. मूळ शब्द तोच, अर्थ तोच. मग अडचण अर्थाची नाही. हे नाव कोणाचे होते, इथे अडचण आहे.

हे नाव कोणाचे होते?

पाली साहित्यात पुण्णा नावाच्या स्त्रिया शोधू लागलो की एक गोष्ट लक्षात येते. उरुवेलेच्या सुजातेची दासी, तिचे नाव पुण्णा. राजगृहात रात्रभर भात कांडणारी आणि सकाळी कण्यांची भाकर बुद्धांच्या पात्रात घालणारी दासी, तिचे नाव पुण्णा. पोक्खरसाती या बड्या ब्राह्मणाच्या घरची दासी, तिचे नाव पुण्णिका. श्रावस्तीच्या अनाथपिंडिक श्रेष्ठीच्या घरी पाणी भरणारी दासी, तिचे नावही पुण्णा किंवा पुण्णिका. थेरीगाथेत सधन घरातली आणखी एक पुण्णा थेरी आहे, हे खरे. पण जिथे-जिथे हे नाव भेटते तिथे बहुतेक वेळा डोक्यावर घागर किंवा हातात मुसळ असते.

पुरुषांतही हे नाव होते, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो. मज्झिम निकायात पुण्ण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. सुनापरान्ताचे लोक कठोर आहेत, शिव्या देतील, मारतील, असे बुद्ध त्याला सांगतात आणि तरीही तो तिथे धम्म घेऊन जातो. बौद्ध परंपरा या पुण्णाला शूर्पारकाशी, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याशी जोडते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जिथला स्तूप उकरून काढला, तेच हे सोपारा. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात याच पूर्णाची कथा आहे. त्यात तो एका धनिकाला दासीपासून झालेला मुलगा आहे. बाप मेल्यावर वाटणीची वेळ येते तेव्हा सावत्र भाऊ त्याला ‘दासीपुत्र’ म्हणून वारसातून बाद करतात. म्हणजे इथेही नाव ‘परिपूर्ण’ आणि वाट्याला रिकामे हात.

मालकाने दासीला ‘भरलेली’ म्हणावे, यात मालकाचेच सुख दिसते. घर भरलेले, घागर भरलेली, कोठार भरलेले. ती स्वतः किती रिकामी आहे, हे कोणी विचारत नाही. मज्झिम निकायाच्या सुभ सुत्तात हाच मुद्दा येतो. पोक्खरसाती म्हणत असे की श्रमणांनी मिळवलेले ज्ञान हास्यास्पद आहे. त्यावर बुद्धांनी सुभ नावाच्या तरुण ब्राह्मणाला प्रश्न केला: पोक्खरसातीला या सर्व श्रमणांच्या मनातले कळते का? सुभाचे उत्तर आले, पोक्खरसातीला आपल्या घरच्या पुण्णिका दासीच्या मनातलेही कळत नाही. मग जगातल्या सर्व श्रमणांच्या मनातले त्याला काय कळणार? आम्हाला हा युक्तिवाद फार मोलाचा वाटतो. दासीलाही मन आहे आणि मालकाला ते माहीत नाही, हे मान्य केल्याशिवाय तो उभाच राहत नाही.

पाणी भरणारीचा वाद

आता आमच्या पुण्णिकेकडे येऊ. श्रावस्तीजवळून अचिरवती नदी वाहत असे, तीच आजची राप्ती. थेरीगाथेत ७३ कविता आहेत. त्यांतली पुण्णिकेची कविता सोळा गाथांची, आणि ती बहुतांश एक वाद आहे. एका बाजूला पाणी भरणारी दासी, दुसऱ्या बाजूला हिवाळ्यात नदीत बुड्या मारणारा ब्राह्मण.

सुरुवातीलाच ती आपली स्थिती सांगते. कडाक्याच्या थंडीत मी पाण्यात उतरते, कारण मालकिणींच्या दंडाची आणि शिव्यांची भीती आहे. मग ती ब्राह्मणाला विचारते, तुला कोणाची भीती आहे? तू का कुडकुडतो आहेस? हा प्रश्न साधा नाही. दोघेही त्याच पाण्यात, दोघांचेही अंग काकडलेले. पण एक जण सक्तीने उतरली आहे आणि दुसरा पुण्य कमवायला. ब्राह्मण तिला ‘भोति’ असे आदराने संबोधून सांगतो की म्हातारा असो वा तरुण, पाप करणारा माणूस स्नानाने पापातून सुटतो.

पुण्णिका विचारते, हे तुला कोणी सांगितले? एका अजाणत्याने दुसऱ्या अजाणत्याला? तसे असेल तर बेडूक, कासवे, साप, सुसरी सगळे स्वर्गात जातील. हत्या करणारे आणि चोरही नदीत बुडी मारून मोकळे होतील. आणि नदी जर पाप वाहून नेत असेल, तर ती पुण्यही वाहून नेईल. मग तुझ्याजवळ उरेल काय? ज्या कर्माची भीती वाटते ते करूच नकोस, थंडीने कातडी कशाला फाडून घेतोस?

तो ब्राह्मण निरुत्तर होतो आणि आपले वस्त्र तिला दान म्हणून देऊ करतो. ती ते घेत नाही. तुझे वस्त्र तुझ्यापाशी राहू दे, म्हणते. दुःख नको असेल तर उघड किंवा लपून वाईट करू नकोस, बुद्ध-धम्म-संघाला शरण जा, शील पाळ. शेवटी तो त्रिसरण घेतो आणि कबूल करतो की आजवर मी नावाचाच ब्राह्मण होतो, खरा आज झालो.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. ज्या काळात दासी ही मालमत्ता होती, त्या काळात एक पाणक्या बाई ब्राह्मणाला शास्त्र विचारते, त्याचे दान नाकारते आणि त्यालाच शील देते. पाण्याने माणूस शुद्ध होत नाही, हे ती सांगते, कारण पाण्याशी तिचा रोजचा संबंध आहे. आणि पाण्याने माणूस बाटतही नाही, हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे पाणी प्यायली. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी शेण-गोमूत्राचे पंचगव्य घागरींनी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. पुण्णिकेने जो प्रश्न नदीकाठी विचारला होता, तोच प्रश्न त्या तळ्याकाठी उभा होता. गोदावरीकाठी तो आजही उभा आहे.

मुक्त झाली म्हणून बोलली नाही

पुढची हकीकत अट्ठकथेत आहे. तिने ब्राह्मणाला वळवले हे ऐकून अनाथपिंडिकाने तिला दास्यातून मुक्त केले. मग ती भिक्खुणी संघात गेली आणि अर्हत झाली. क्रम लक्षात घ्यावा. ती मुक्त झाली म्हणून बोलली नाही. ती बोलली म्हणून मुक्त झाली.

इथे दोन अडचणीच्या गोष्टी आहेत. त्या लपवणे आम्हाला योग्य वाटत नाही. पहिली, विनयात दासाला प्रव्रज्या देण्यास मनाई आहे. मालकाने मुक्त केल्याशिवाय पुण्णिकेला संघाचे दार उघडले नसते. आणि ज्या अनाथपिंडिकाने जेतवन दान दिले, त्याच्याच घरात दास-दासी राबत होत्या. आपण विहारात त्याच्या दानाचा गौरव करतो तेव्हा त्याच्या घरची घागर कोण वाहत होते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. थेरीगाथेची अट्ठकथा आचार्य धम्मपालांनी पुण्णिकेनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिली. ती सांगते की पुण्णिका मागच्या जन्मांत विद्वान भिक्खुणी होती, पण अहंकारी होती, म्हणून या जन्मी दासीच्या पोटी आली. हे वाचून आम्ही थबकलो. कारण हेच तर आमच्या आजी-पणजीला सांगितले गेले होते: मागच्या जन्मी काहीतरी केले असेल, म्हणून या जातीत आलीस. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या या सिद्धान्ताची चिरफाड केली आहे. गरीब आणि दीन माणसाच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू दिसत नाही आणि महाकारुणिक बुद्ध असे सांगूच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

पुण्णिकेच्या गाथा स्वतः वाचा. त्यात ती मागच्या जन्माचे एक अक्षर काढत नाही. थंडीत का उतरते, याचे कारण ती सांगते: मालकिणींचा दंड आणि शिव्या. आपल्या दास्याचे कारण तिने या जन्मात, या घरात, या माणसांत दाखवले. हजार वर्षांनी टीकाकाराने ते उचलून मागच्या जन्मात नेऊन ठेवले. आम्ही पुण्णिकेच्या बाजूने आहोत.

लाज कोणाची?

आता आजींच्या प्रश्नाकडे. दासीचे नाव नातीच्या लेकीला का ठेवायचे?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसे ठेवावे याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे जुगुप्सा वाटावी असे. म्हणजे हाक मारली की समोरच्याला किळस यावी. दगडू, धोंडू ही नावे मूल जगावे म्हणून इतर जातींतही ठेवली गेली, हे आम्ही नाकारत नाही. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पण धोंडोपंत आणि धोंड्या यांतले अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नाव एकच असले तरी हाक जातीप्रमाणे बदलते. आणि बाईचे असेल तर आणखी खाली उतरते. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींचे एका कार्यक्रमात नव्याने नामकरण झाले. जन्मताच ‘नको’ म्हटलेल्या या लेकी काही पुराणकाळातल्या नव्हत्या.

मनूच्या तिसऱ्या अध्यायात आणखी एक यादी आहे: कोणत्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये. नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, डोंगराचे, पक्ष्याचे, सापाचे नाव असलेली नको. अंत्यजाचे नाव असलेली नको. आणि सेवकाचे, दासाचे नाव असलेलीही नको. आजींना दासीचे नाव नको वाटले. आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. ही लाज आमच्या अनुभवातून आली, असे आम्ही समजत होतो. यादी वाचल्यावर कळले की ती आमची नाहीच. दासी असणे ही दासीची लाज कशी होईल? लाज दास ठेवणाऱ्याची आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. पण तिची एखादी ओळ आपल्या मनाच्या कोपऱ्यात न जळता राहिली असेल, तर ती नाव ठेवतानाच सापडते.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? आपल्याच परंपरेत नामसिद्धि जातक आहे. ‘पापक’ नावाचा माणूस चांगले नाव शोधायला निघतो. वाटेत त्याला ‘जीवक’ नावाचे प्रेत दिसते. ‘धनपाली’ नावाची दासी मजुरी आणली नाही म्हणून मार खाताना दिसते. ‘पंथक’ नावाचा वाटसरू वाट चुकलेला भेटतो. तो शहाणा होऊन परत येतो. वासेट्ठ सुत्तातही नाव-गोत्र हे लोकांनी ठरवलेले संकेत आहेत, असेच सांगितले आहे. हे सगळे आम्हाला मान्य आहे. नावाने नशीब ठरत नाही. पण नाव हा संकेत आहे, तर तो कोण ठरवतो, हा प्रश्न उरतोच. धनपालीचे नाव तिला मिळालेल्या धनावरून आले नव्हते. १९३६ च्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की धर्मांतर हे नामांतरही आहे, आणि चोखामेळा किंवा हरिजन अशा वरवरच्या नावांनी काही साधत नाही. मराठवाड्याला तर हे शिकवायला नको. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ ची. मधल्या साडेपंधरा वर्षांत एका नावासाठी घरे जळाली, माणसे गेली. नावात काहीच नसते, तर इतका विरोध कशाला झाला असता?

आपण कोणाची नावे घेतली?

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतली नावे बदलली. सुजाता, यशोधरा, गौतमी, विशाखा, संघमित्रा. ही क्रांतीच होती आणि तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्यांना कचरा म्हटले गेले त्यांनी मुलींना राजकन्येचे नाव दिले. पण यादी पुन्हा एकदा वाचा. राणी, राजकन्या, श्रेष्ठीची कन्या, सम्राटाची मुलगी. सुजाता घरोघरी आहे आणि तिची दासी पुण्णा कुठेच नाही. खरे तर झाडाखाली बसलेल्या सिद्धार्थाला आधी पाहिले ते पुण्णेने. सुजातेने तिला जागा झाडायला पाठवले होते. ती धावत बातमी घेऊन आली तेव्हा आनंदाने सुजाता म्हणाली की आजपासून तू माझी थोरली लेक. कथेतल्या सुजातेने दासीला लेक मानले. सुजातेचे नाव घेणाऱ्या आपण तिला अजून घरात घेतलेले नाही.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात महाप्रजापती आणि यशोधरेच्या सोबत प्रकृती या चांडाल कन्येला बसवले. राणी आणि चांडालिका एकाच प्रकरणात. नावांची आपली यादीही तशी व्हायला हवी. आपण राजघराण्यांचे वंशज असल्याचा आधार शोधत बसण्याची गरज नाही. राबणाऱ्या बाईने विचार केला, प्रश्न विचारला आणि मुक्ती मिळवली, हा आपला वारसा पुरेसा मोठा आहे.

त्या दिवशी विहारात, बाळाच्या आईने आजींना नदीवरची गोष्ट सांगितली. बेडूक-कासवांपर्यंत आल्यावर आजी हसल्या. वस्त्र नाकारल्याचे ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पाणी तर आम्ही बी लई वाहिलं. पर असं इचारायचं आम्हाला कुणी शिकवलं न्हाई." थोड्या वेळाने त्यांनी बाळ मांडीवर घेतले आणि दोनदा नाव चुकीचे म्हणून तिसऱ्यांदा बरोबर म्हटले.

वाचकांना आमची विनंती एवढीच. पुढच्या नामकरणाला नाव सुचवायची वेळ आली तर पुण्णिका, प्रकृती ही नावेही पुढे ठेवा. नाव ठेवताना त्या बाईची गोष्ट सांगा, नुसता अर्थ सांगून थांबू नका. जन्मनोंदणीच्या खिडकीवर कोणी ‘पूर्णिका’ असे सुधारून लिहू लागले तर थांबवा आणि अक्षर-अक्षर लिहून घ्या. मुलगी शाळेत गेली की कोणीतरी नावाचा अर्थ विचारणारच. तेव्हा तिने मान वर करून सांगावे: पुण्णिका म्हणजे भरलेली. ती एक दासी होती, आणि तिने ब्राह्मणाला प्रश्न विचारला होता.

जय भीम! नमो बुद्धाय!